यादवमामाचा उडता भाऊ

आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत वीज आली तरी चक्की सुरू व्हायची नाही, कारण चक्कीवाल्या यादवमामाची गोष्ट संपलेली नसायची.

बायका ज्वारीचे डबे घेऊन ताटकळत उभ्या. त्यात मी जास्तच तापट, घरी आमचे मास्तर भाकरीची वाट पाहत बसलेले. "मामा, लाइट आली नं!"

"आली तं येऊ दे. उडता भाऊ अजून हवेत हाय. त्याले तसाच लटकत ठेवू काय?"

ही बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. टीव्ही आमच्याकडं कोणी पाहिलेलाच नव्हता. मामा मावसभावाकडं मुंबईला गेला, शेजाऱ्याच्या खिडकीतून कुठल्याशा परदेशी मालिकेचा एकच भाग पाहिला अन् खुळावूनच परत आला. झगा घातलेला माणूस उडत येतो, संकटातल्याला उचलतो, आभारही न घेता जातो. बस्स. पुढचे सगळे भाग मामानं चक्कीवर रचले, खांद्यावर पिठाळ दुपट्टा टाकून.

त्यात आमच्याही अडचणी यायच्या. शेवंताची म्हैस विहिरीत पडून मेली, तर उडत्या भाऊनं तिला जिती वर काढली. शेवंता डोळे पुसत हसली.

"पंख नाहीत तं उडते कसा हो?" मी एकदा डिवचलं.

"मन साफ हाय म्हणून."

थट्टा नाही, काही नाही. त्याला ते खरंच वाटायचं. मला हसू यायचं, पण डबा उचलून घरी जावंसंही वाटायचं नाही.

एका श्रावणात वीज गेली अन् मामानं नवा भाग काढला. पूर आलेला नाला, अलीकडं अडकलेली बैलगाडी, आत अडलेली बाळंतीण. मामाची बायको अशीच गेली होती, वाशीमच्या दवाखान्याच्या वाटेवर, पोटातल्या लेकरासकट. त्या दिवसाचा विषय त्यानं कधी काढला नव्हता.

"अन् उडता भाऊ आला." मामाचा आवाज कापत होता, पण तो थांबला नाही. "बैलांसकट गाडी उचलली. दवाखान्याच्या दारात ठेवली. पोरगी झाली. माय बी वाचली."

वीज आली. कोणीच डबा पुढं केला नाही. मीच पुढं झाले. म्हटलं, "मामा, पोरीचं नाव काय ठेवलं?"

मामाचा चेहरा असा उजळला की मला पाहवेना.

"थांब नं बाई," तो म्हणाला, "तिच्या मायले तं इचारू दे."