फट ठिवली का?

आमच्या सुपे गावात म्हाकूआबा शेगड्या पळवायचे. भांडी नाही, कोंबड्या नाही, फक्त पेटत्या शेगड्या, आणि त्याही बाळंतिणीच्या खोलीतून! थंडी पडली की हा म्हातारा तान्ह्या बाळाच्या रडण्याचा माग काढत दारोदार फिरायचा. उंबऱ्यावर आल्या आल्या विचारायचा, "फट ठिवली का?" मुलगा झाला की मुलगी, ते नंतर. फट नसली की स्वतःच खिडकी किलकिली करायची, शेगडी उचलून अंगणात ठेवायची आणि खांद्यावरचं घोंगडं बाजेवर टाकून चालू लागायचं. बाळाला मात्र कधी हात लावला नाही. कुणी पुढं केलंच तर "हात गार हाईत माजं" म्हणत मागं सरायचे.

बारामतीच्या एसटीत भर पौषात खिडकी उघडून बसायचे. कंडक्टर खेकसला की म्हणायचे, "मागं लेकरू हाय." लेकरू असो वा नसो. त्यांच्या घराच्या खिडकीला तर झडपाच नव्हत्या. माळावरचा वारा सरळ आत. बायको जाऊन वर्षं झाली होती, मेंढरं विकली होती. आम्ही पोरं त्यांना फटआबा म्हणून चिडवायचो, तर ते खुशाल ओ द्यायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि मला मुलगी झाली. माझी आई जहाल. तिनं खिडकीत पोतं कोंबलं, दार लावलं, बाजेखाली शेगडी सरकवली आणि वर ओव्याची धुरी. माझं डोकं ठणकत होतं, पोर सुस्त पडली होती, आणि आई म्हणे, बघ कशी उबेला शांत झोपलीय.

तेवढ्यात आबा आले आणि शेगडी घेऊन निघाले. आई पदर खोचून त्यांच्यामागे अंगणात. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ज्याच्या घरी पाळणा हलला न्हाय, त्यानं मला बाळंतपण शिकवावं व्हय?"

बोलू नये ते बोलली. आबांनी शेगडी खाली ठेवली.

"हुती एक लेक, तुमी या गावात नांदाय यायच्या आदी," ते म्हणाले. "असाच गारठा हुता. शेगडी पेटवली, दार लावलं. खिडकीच्या फटीतनं वारा येत हुता, तितं म्या घोंगडं कोंबलं. सकाळी बायकू उठली. लेकरू न्हाय उठलं."

आईनं खोचलेला पदर सोडला.

"समदी म्हनली, गारठ्यानं गेलं. बायकूबी मरस्तवर तेच म्हनत हुती. गारठा कुठला, वैनी? म्याच कोंडलं तिला. बायकूला कदी सांगाय झालं न्हाय."

बाजेवर बसल्या बसल्या मला हुंदका फुटला. आई आत आली, खिडकीतलं पोतं ओढून फेकलं, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि उंबऱ्यात येऊन बसलेल्या आबांच्या मांडीवर ठेवलं. हात गार असल्याचं त्यांनी सांगून पाहिलं, पण आईनं ऐकलं नाही.

मग त्यांनी तळहात छातीवर खसाखसा चोळले आणि भीत भीत पोरीच्या तळव्याला बोट लावलं.

"गरम हाय की," म्हणाले. "फट असूनबी गरम हाय."

अंगणातल्या शेगडीतले निखारे विझून गेले तरी आबा पोरीला परत देईनात, आणि आईनंही ती मागितली नाही.