सह्यकडा हाउंडला लिफ्ट कशाला?

मी भरलेला फॉर्म आजवर परत आलेला नाही! पासपोर्ट, रेशनकार्ड, नातवाचा शाळाप्रवेश, काहीही आणा. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लोक वकिलाआधी मला बोलावतात. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे माझं आयुष्यातलं एकमेव तत्त्व. एकच होतं, तेही धड निघालं नाही.

तर सहाव्या मजल्यावरच्या कुंदाकाकूंनी मला बोलावलं, ते डॉग शोचा फॉर्म भरायला.

आमच्याकडे कुत्री अकरा आणि लिफ्ट एक. कुत्र्यांना लिफ्टमध्ये घ्यावं की नाही, यावर वार्षिक सभा चार तास चालली. बटाटेवडे दोनदा मागवावे लागले. शेवटी सेक्रेटरी नंदकुमार साठ्यांनी तोडगा काढला. दोन कुत्र्यांना वर्षभर लिफ्ट, बाकीच्यांना जिना. कुठली दोन, ते स्पर्धा घेऊन ठरवायचं! अ गट जातिवंत, ब गट देशी, आणि प्रत्येक गटातला पहिला लिफ्टमध्ये. साठे सगळं असंच ठरवतात. माझ्या बाबांना पार्किंगची जागा मिळाली ती रांगोळी स्पर्धेत.

काकूंचा गुडघा आणि त्यांच्या खंडूचा मागचा पाय, दोन्ही एकाच पावसाळ्यात गेले. खंडू काकूंशिवाय कुणाबरोबर खाली जात नाही. म्हणजे दिवसातून तीन वेळा सहा मजले खाली आणि सहा वर. कठड्याला धरून, दोघंही कण्हत.

“झिला, माका कप नको, फोटो नको,” काकू म्हणाल्या. “फकस्त लिफ्ट व्हयी.”

“मिळाली समजा!”

“तो ब गट हा ना, देशी कुत्र्यांचो? थय घाल नाव.”

“ब गट?” मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. “काकू, ब गटात जाणं म्हणजे आधीच हरणं! आणि अर्ध्या बिल्डिंगची कुत्री देशी. केवढी गर्दी असेल तिथे!”

मी अ गटावर बरोबरची खूण केली. पुढचा रकाना होता ‘जात’. खंडू सापडला गोराईच्या जेट्टीजवळ, वाळत घातलेल्या बोंबलांखाली. हे लिहून कुणी अ गटात जिंकलंय का? मी लिहिलं, ‘सह्यकडा हाउंड’. त्याखाली होतं ‘वैशिष्ट्ये’, तीन ओळींची जागा. रिकामी कशी सोडणार? लिहिलं, ‘कितीही उभा कडा विनासायास चढतो.’

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. काकूंनी खंडूकडे बघितलं. तो सोफ्यावर चढायचा प्रयत्न सोडून सोफ्याकडे नुसता बघत बसला होता.

“ह्यो? चढता?”

“काकू, फॉर्म कोण भरतंय?”

काकूंनी खाली सही केली. शिकलेल्या पोरावर त्यांचा फार विश्वास. हाच त्यांचा एक दोष!

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये मांडव पडला. डॉग शोची गुणपत्रिका कशी असते हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून साठ्यांनी गणपतीतल्या एकपात्री स्पर्धेची काढली. उच्चार दहा गुण, पाठांतर दहा, रंगभूषा दहा, शिस्त दहा. परीक्षक होते जनावरांचे निवृत्त डॉक्टर, राजाराम भोईर. ते बिचारे पाठांतराच्या रकान्याकडे कितीतरी वेळ बघत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने तिच्या पॉमेरेनियनला नऊवारी नेसवली होती. नथसुद्धा होती, चिकटपट्टीने लावलेली.

“अगं, तो मुलगा आहे ना?” मी विचारलं.

“मग काय झालं? रंगभूषेला दहा आहेत!”

शेजारी सुबोध उभा होता. त्याचा कुत्रा म्हणजे थेट खंडूचा सख्खा भाऊ, तोच तांबूस रंग, तोच अर्धा कान. गळ्यात पाटी होती, ‘राजापुरी रिट्रीव्हर’. मी सुबोधकडे पाहिलं, त्याने खंडूच्या गळ्यातली पाटी वाचली. दोघांनीही आभाळाकडे पाहिलं. त्याच्यापलीकडे एक ‘बल्गेरियन शेफर्ड’ उभा होता. मागच्या गुरुवारपर्यंत त्याचं नाव मोत्या होतं आणि तो आमच्याच गल्लीत जन्मला होता.

डॉक्टर आमच्यापाशी थांबले. “सह्यकडा हाउंड! चाळीस वर्षं नोकरी केली मी, कधी कानावर आलं नाही!”

“दुर्मीळ आहे, सर.”

“किती उरलेत?”

“हा एकच.”

“अरेरे! आणि मादी?”

“सर, म्हणून तर दुर्मीळ.”

काकूंनी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांचे डोळे चमकले. “वा! मग जरा चढून दाखवू दे की!”

आता कबुली. खंडू चार पायांवर ताठ उभा राहावा म्हणून मी कुर्त्याच्या खिशात चार सुके बोंबील ठेवले होते. खिसा थोडा उघडला की खंडू ताठ. योजना झकास होती! फक्त इतर दहा कुत्र्यांनाही नाक असतं, हे मी धरलं नव्हतं.

आधी पॉमेरेनियन वळला. मग रिट्रीव्हर. मग बल्गेरिया.

“निहार, तुझ्या खिशात काय आहे रे?” गंधाली ओरडली.

उत्तर द्यायला मी थांबलो नाही. लिफ्टचं बटण दाबलं, तर ती सातव्यावर! मी जिन्याने सुटलो. मागे अकरा कुत्री, त्यांच्या मागे दहा मालक, आणि सगळ्यात मागे साठे, “रांगेत या! रांगेत या!” ओरडत. नऊवारीवाला पहिल्याच पायरीवर पदरात अडकून पडला. बल्गेरिया दुसऱ्यावर दमला. रिट्रीव्हर चौथ्यावर कुणाच्या तरी चपला घेऊन परत फिरला. सहाव्यावर पोहोचून मी काकूंच्या दाराला पाठ टेकली आणि वळलो. समोर एकटा खंडू! सोफा न चढणारा खंडू! त्याने चारही बोंबील खाल्ले, खिशाचा तुकडाही खाल्ला आणि तिथेच आडवा झाला.

खालून, जिन्याच्या पोकळीतून वर बघणाऱ्या सगळ्यांच्या टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला. साठ्यांनी मोबाइलवर वेळ लावली होती.

“सहा मजले! एक्केचाळीस सेकंद!”

मी खंडूला खांद्यावर घेऊन विजयी वीरासारखा लिफ्टने खाली आलो. खंडूचा तो लिफ्टमधला शेवटचा प्रवास.

डॉक्टरांनी माइक हातात घेतला. “असा चढणारा कुत्रा मी जन्मात पाहिला नाही. गुणांमध्ये सह्यकडा हाउंड पहिला!” मी काकूंकडे बघितलं. त्यांनी हात जोडले होते.

मग साठ्यांनी चष्मा लावला आणि माझा फॉर्म वर धरला. “विनासायास चढतो, असं यात लेखी दिलेलं आहे. आज आपण सर्वांनी ते पाहिलंही. अशा श्वानाला लिफ्ट देणं म्हणजे गरजूंवर अन्याय! सह्यकडा हाउंडला उत्तेजनार्थ. लिफ्ट, पहिली पायरीही न चढलेल्या पॉमेरेनियनला!”

“पण साठेकाका...”

“फॉर्म तूच भरलास ना?”

मी मान हलवली. माझा फॉर्म परत येत नाही.

“आता ब गट,” साठ्यांनी पान उलटलं. मग दुसरं पान. मग फाइल उलटी करून झटकली. “ब गटात एकही नाव नाही?”

सुबोध मोबाइल बघू लागला, तोही बंद असलेला. अर्ध्या बिल्डिंगने तेच केलं होतं, जे मी केलं होतं. काकू म्हणाल्या होत्या तिथे मी खूण केली असती, तर खंडू झोपून जिंकला असता.

आणि झोपूनच जिंकला! खंडू नव्हे, दुसराच. गेटवरचा काळा कुत्रा सकाळपासून परीक्षकांच्या टेबलाखाली झोपला होता. बोंबलांच्या धावपळीतही हलला नव्हता. ठराव झालेला असल्यामुळे ब गटाला विजेता द्यावाच लागणार होता. डॉक्टरांनी खाली वाकून बघितलं आणि शिस्तीला पैकीच्या पैकी गुण दिले.

खंडू पुढे तीन दिवस उठला नाही. काकू त्याच्या पायांना खोबरेल चोळत होत्या. मी दारात उभा होतो. माफी कशी मागायची याचा कुठे फॉर्म मिळत नाही.

“रडतंस कित्याक?” काकू म्हणाल्या. “म्हातारपणात एकदा तरी धावलो तो. बस, चाय घे.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता शेवटचं सांगतो आणि गप्प बसतो. नियम असा आहे की लिफ्टमध्ये श्वानाबरोबर एक जबाबदार व्यक्ती हवी. गेटवरच्या कुत्र्याला मालक नाही. समितीने एकमताने माझी नेमणूक केली, कारण स्पर्धेचा अनुभव! त्यामुळे रोज सकाळी सात वाजता मी त्याला लिफ्टने सातव्यावर नेतो आणि खाली आणतो. त्याला वर काहीच काम नसतं, पण ठरावात तसं आहे. येताना लिफ्टच्या उभ्या काचेतून जिना दिसतो. पाचव्यावर काकू आणि खंडू उतरत असतात, कठड्याला धरून. मी मोबाइलमध्ये डोकं घालतो. काळा कुत्रा मात्र काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघतो आणि शेपूट हलवतो.

आमच्या दोघांत जबाबदार व्यक्ती तोच आहे.