बाविस्करांची घडी

जळगावच्या जिल्हा नक्कल व दाखला कार्यालयातले वरिष्ठ लिपिक अभिमन बाविस्कर यांनी मार्च महिन्यात घडीचा फोन घेतला. ही बाब तशी खासगी होती आणि ती खासगी राहावी अशी त्यांची मुळीच इच्छा नव्हती.

फोन घ्यायला सबळ कारण होतं. भुसावळला एका साखरपुड्यात, वरण-बट्टीच्या पंगतीत, त्यांचे साडू कुंदन यांनी खिशातून पाकिटाएवढी वस्तू काढली आणि वहीसारखी उघडली. वांग्याच्या भाजीची बादली घेतलेला वाढपी तिथंच थबकला. अख्खी पंगत भाजीवाचून खोळंबली, पण एकानेही तक्रार केली नाही. आपल्या साध्या फोनवर फाइली वाचून आपले डोळे दुखतात, हे अभिमन यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं.

पहिल्या आठवड्यात फायदेच फायदे झाले. फोन उघडला की फाइलीचं अख्खं पान दिसे. मिटला की शर्टाच्या खिशात बसे. मेहरूण तलावावर सकाळी फिरताना ते तो दर शंभर पावलांवर उघडून वेळ बघत. मनगटावर घड्याळ होतं, पण घड्याळाची घडी होत नाही.

तोटे घरातून सुरू झाले. आई भागाबाईंनी चष्मा लावून फोन निरखला आणि विचारलं, "नवा फोन लेवाले गयता ना रे तू? मंग हाऊ मोडेल काय आना?"

"आई, मोडलेला नाही. तो असाच असतो."

"मंग दुकानदार हुशार शे," भागाबाई म्हणाल्या आणि शेंगा सोलू लागल्या.

बायको सुलक्षणा शाळेत गणित शिकवायची. तिचा आक्षेप जास्त नेमका होता. पडद्याच्या बरोबर मधून घडीची एक बारीक रेघ जायची आणि घरच्यांचा फोटो उघडला की ती नेमकी तिच्या नाकावरून जायची. "पाच माणसं आहेत फोटोत," ती म्हणाली. "रेघ माझ्याच तोंडावर का?" यावर अभिमन यांनी दिलेलं तांत्रिक उत्तर समाधानकारक ठरलं नाही.

खरा प्रकार एप्रिलच्या पहिल्या सोमवारी घडला. कार्यालयात 'सदाहजर' नावाचं हजेरीचं अ‍ॅप होतं. फोनसमोर चेहरा धरायचा, अ‍ॅप तो ओळखायचं आणि कर्मचारी हजर व्हायचा. अभिमन यांनी दारातच मिटलेल्या फोनच्या बाहेरच्या कॅमेऱ्यात बघितलं. हजेरी लागली. मग ते जागेवर बसले, सवयीने फोन उघडला, आणि आतल्या कॅमेऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. पडद्यावर प्रश्न आला: 'नवीन उपकरण आढळले. नवीन कर्मचारी नोंदवायचा आहे का?' खाली दोन पर्याय होते. 'होय' आणि 'थोड्या वेळाने विचारा'.

'नाही' नव्हता. अभिमन यांनी अकरा वेळा 'थोड्या वेळाने' दाबलं आणि अ‍ॅपने अकरा वेळा थोड्या वेळाने विचारलं. समोर नकलांसाठी लोक ताटकळत होते. बाराव्या वेळी त्यांनी 'होय' दाबलं. लगेच फुलं उधळली गेली आणि अक्षरं उमटली: 'अभिमन बाविस्कर (२), सेवेत आपले स्वागत आहे.'

ते तडक अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक हिलाल सूर्यवंशी यांना सगळे नाना म्हणत. निवृत्तीला दीड वर्ष उरल्यामुळे नाना कोणत्याही कागदाला शक्यतो हात लावत नसत.

"नाना, मी दोन झालो."

नानांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दिसत तर एकच आहात."

"अ‍ॅपमध्ये दोन झालो."

"मग तक्रारही अ‍ॅपमध्येच करा. तोंडी तक्रार घ्यायची मनाई आहे, मागच्या महिन्याचं परिपत्रक बघा."

अभिमन यांनी तक्रार भरली. तक्रारदार: बाविस्कर (१). कोणाविरुद्ध: बाविस्कर (२). तक्रारीचं स्वरूप यादीतून निवडायचं होतं. यादीत गैरवर्तन, अफरातफर आणि व्यसनाधीनता एवढंच होतं. त्यातल्या त्यात सौम्य म्हणून त्यांनी गैरवर्तन निवडलं. चौथ्या दिवशी त्यांनाच नोटीस आली की सहकाऱ्याशी केलेल्या गैरवर्तनाबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. अभिमन यांनी खुलासा लिहिला: 'सदर सहकाऱ्याशी माझे संबंध लहानपणापासून सलोख्याचे आहेत.' या वाक्यामुळे प्रकरण अधिकच गंभीर झालं. ते धुळ्याच्या प्रादेशिक कार्यालयाकडे सुनावणीसाठी पाठवण्यात आलं.

धुळ्याला तांत्रिक अधिकारी दिपमाला वाघ यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणीही दिलं. बाई समजूतदार होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, संगणकावर दोन्ही बाविस्कर उघडले आणि शेजारी शेजारी ठेवले.

"जन्मतारीख एक, सेवापुस्तक एक, रक्तगट एक," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकच आहात, हे मला व्यक्तिशः मान्य आहे."

अभिमन यांना गहिवरून आलं. "मग मॅडम, एक काढून टाका ना."

"काढता येत नाही. कर्मचारी आपल्याकडे तीनच प्रकारे कमी होतो. निवृत्ती, मृत्यू किंवा बदली. निवृत्तीला तुमचं वय भरत नाही. मृत्यूचा दाखला आणू शकाल?"

"कोणाचा?"

"दोन नंबरचा."

अभिमन यांनी जरा विचार केला आणि नको म्हणाले.

"मग बदली," दिपमालाबाई म्हणाल्या. "जळगावला मंजूर पद एक आणि माणसं दोन. एक अतिरिक्त ठरतो. दोंडाईच्याला उपकार्यालयात जागा रिकामी आहे. दोन नंबरला तिकडे टाकते. तुम्ही एक नंबर, जळगावलाच राहा. जमलं?"

जमलं असं अभिमन यांना वाटलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी फोन उघडून सुलक्षणाला मोठ्या अक्षरांत निरोप धाडला: 'सुटलो.'

पंधरा दिवसांनी कळलं की दोन नंबरचे बाविस्कर दोंडाईच्याला रुजू झालेले नाहीत आणि त्यांच्यावर फरार घोषित होण्याची वेळ आली आहे. सेवापुस्तक एकच असल्यामुळे तो शेरा अभिमन यांच्याच चोवीस वर्षांच्या नोकरीवर बसणार होता. ते घाबरून नानांकडे धावले. एवढ्या वर्षांत त्यांना साधा ताशेरासुद्धा मिळाला नव्हता.

"तुम्ही दोंडाईच्याला जा," नाना म्हणाले.

"आणि इथल्या एक नंबरचं काय?"

नानांनी परिपत्रक काढलं. फोन कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये नसला तर जुन्या कर्मचाऱ्याची मागची हजेरी आपोआप पुढे चालू राहायची. नवीन कर्मचाऱ्याला मात्र पहिलं वर्षभर रोज जागेवर चेहरा दाखवणं सक्तीचं होतं. "एक नंबर जुना आहे," नाना म्हणाले. "त्याला यायची गरज नाही. दोन नंबर नवा आहे. त्याला जावंच लागेल."

"पण नाना, मग इथं काम कोण करणार?"

"हजेरी लागते आहे ना? मग विषय संपला."

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा सुलक्षणाने कपाटावरची बॅग खाली काढली. मग तिने विचारलं, "म्हणजे कागदावर तुम्ही जळगावातच?"

"हो. एक नंबर इथंच असेल."

"मग त्याला सांगून जा, शनिवारी दळण आणायचं असतं. आईंच्या गोळ्या संपल्यात. आणि त्याला घडी नको. मला एकसंध माणूस हवा."

ती हसत होती, पण बॅग भरताना तिने त्यांचे शर्ट तीन वेळा काढले आणि तीन वेळा नव्याने घड्या घालून ठेवले. अभिमन यांनी ते पाहिलं आणि साडूच्या पंगतीत आपण मान खाली घालून बट्टी का खाल्ली नाही, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

दोंडाईच्याला ते भाड्याच्या खोलीत राहिले. तिथे मिरचीचा बाजार मोठा. हंगामात हवेतच तिखट असतं. माणूस शिंकून मोकळा होतो, फोनला शिंकता येत नाही. तिखटाची पूड बिजागरीत शिरली. रोज सकाळी फोन उघडताना पापड मोडल्यासारखा आवाज येऊ लागला आणि सातव्या महिन्यात एका बुधवारी आतला पडदा रेघेवरून उजव्या बाजूला काळा पडला. गुरुवारी डावी बाजूही गेली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलीने फोन भिंगातून पाहिला. "काका, तुम्ही हा उघडत होतात का?"

"अहो, घडीचा फोन आहे. उघडणारच."

"उघडल्यामुळे झालेलं नुकसान हमीत बसत नाही. बंद ठेवला असता तर दहा वर्षं टिकला असता."

पडद्याबरोबर आतला कॅमेराही गेला, म्हणजे दोन नंबरचे बाविस्कर गेले. आता त्यांना चेहराच दाखवता येणार नव्हता. अभिमन यांच्या मनात आधी भीती दाटली, मग एकाएकी आनंद झाला. दोन नंबर फरार होईल तर होऊ दे. शेऱ्याचं पुढचं पुढे बघू. बाहेरचा कॅमेरा शाबूत होता. म्हणजे ते आता फक्त एक नंबर होते, आणि एक नंबरची जागा जळगावात होती. त्यांनी खोली सोडली, सकाळची गाडी पकडली आणि अमळनेर गेलं तेव्हा खिडकीशी बसून चक्क गुणगुणले.

अकरा वाजता ते कार्यालयात पोचले. दारातच फुलांचा हार घातलेला फलक होता. 'वर्षातील गुणवंत कर्मचारी: श्री. अभिमन बाविस्कर (१).' खाली कारणं दिली होती. सात महिन्यांत एकही रजा नाही, एकही उशीर नाही, एकाही नागरिकाशी वाद नाही.

ते धावत नानांच्या केबिनमध्ये गेले. "नाना, मी आलो!"

"या, या. कोणते?"

"एक नंबर."

नानांचा चेहरा पडला. "ते तर आहेत."

"कुठे आहेत?"

"हजेरीवर. सकाळी दहा वाजून एक मिनिटाने लागली." नाना हळू आवाजात बोलले. "हे बघा बाविस्कर, तुम्ही माझे जुने सहकारी. पण उगीच त्यांच्या वाटेला जाऊ नका. वरपर्यंत त्यांचं चांगलं नाव आहे."

अभिमन यांनी मिटलेला फोन चेहऱ्यासमोर धरला. अ‍ॅपने क्षणभर विचार केला. 'हा कर्मचारी आधीच हजर आहे. कृपया अन्य चेहरा वापरा.'

"मग मी करू तरी काय?"

"आपण हजर असल्याच्या नोंदीची प्रमाणित नक्कल काढा. ती जोडून अर्ज करा."

"नक्कल कोण देतं?"

नानांनी नुसतं बोट दाखवलं. खिडकी क्रमांक चार. तिथे अभिमन यांचंच टेबल होतं. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी चकचकीत पुसलेली होती. खुर्चीच्या पाठीवर धुतलेला टॉवेल होता. खुर्चीत कोणी नव्हतं. समोरच्या बाकावर मात्र लोक दाटीवाटीने बसले होते आणि त्यातले बरेच जण सात महिन्यांपासून येत असावेत, कारण त्यांनी डबे आणले होते.

अभिमन बाविस्कर बाकाच्या टोकाला टेकले. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, साहेब कुठं गेलेत?"

खरं सांगावं असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण चोवीस वर्षांची सवय मोडत नाही. "चहाला गेले असतील," ते म्हणाले. "येतील एवढ्यात."

म्हाताऱ्याचं समाधान झालं. त्याच्या पलीकडे, भिंतीलगत, हातात अर्ज घेऊन, ही गोष्ट वाचणारे तुम्ही बसला होतात. तुम्ही दोघांचंही बोलणं ऐकलंत, रिकाम्या खुर्चीकडे एकदा आदराने पाहिलंत, पाय थोडे आखडून घेतलेत आणि फोन उघडून बसलात.