टाक्यांच्या दौलतीत शिवलीलाबाईंस चाकरी मिळाली त्याची हकीकत

श्री शारदेचे पायी मस्तक ठेवून, अन्नपूर्णेस हात जोडून, आणि ज्या ज्या उंबऱ्यावरून माणसे रिकाम्या हाती परतली त्या उंबऱ्यांसही रामराम करून, हे वर्तमान जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. ते समयी राज्यात पदवीधर उदंड जाहले होते आणि चाकरी दुर्मीळ जाहली होती. व्यापारशास्त्राची कॉलेजे गावोगाव उघडली, आणि सरदाराचे पोर असो की किराणा दुकानदाराचे, जो तो गळ्यास टाय बांधून व्यवस्थापन शिको लागला. परंतु व्यवस्था करावयाची ती कोणाची, हे मात्र कोणी सांगेना. नदीकाठच्या एका कसब्यात बसवंतअप्पा शेटे म्हणोन तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी होते. मनुष्य सरळ, बोलणे थोडके. त्यांची कन्या शिवलीलाबाई. बाई हुशार, हट्टी, आणि हसताना तोंडावर हात ठेवणाऱ्या. त्यांनी मनी धरिले की, व्यापारशास्त्राची पदवी घ्यावी आणि राजधानीत जाऊन आपले बळावर चाकरी मिळवावी. अप्पा बोलिले, "लीला, दुकान आहे की आपलं. त्यात बस." बाई बोलिल्या, "अप्पा, दुकानात मी तुमची मुलगी असते. मला कुठंतरी नुसती शिवलीला शेटे म्हणून बसायचंय." अप्पांस हे बोलणे लागले, परंतु खरेही वाटले. मग त्यांनी रुकार दिला, आणि बाई शिकल्या, आणि पदवी हाती आली.

पदवी आली तरी चाकरी आली नाही. कॉलेजातच मोठमोठ्या कंपन्यांचे कारभारी माणसे निवडावयास उतरले होते, आणि त्यांनी गटचर्चा म्हणोन एक रण मांडिले होते. त्यात पोरांस गोल बसवून एक विषय मध्ये टाकितात, आणि जो मोठ्याने बोलेल तो शहाणा ठरतो. बाई मुद्द्याचे बोलिल्या, परंतु हळू बोलिल्या, आणि कोणी ऐकिले नाही, आणि शिकस्त जाहली. मग बाईंनी राजधानीत एका खोलीत मुक्काम केला. सोबतीस चारुलता भोगटे म्हणोन कोकणातील मैत्रीण, तीही तीच पदवी घेतलेली. दोघी सकाळी कपड्यांस इस्त्री करून मोहिमेस निघत, आणि दिवस कलता पायांतील चपला कोपऱ्यात भिरकावून भिंतीस टेकून बसत. जेथे जावे तेथे कारभारी पुसत, "अनुभव काय आहे?" बाई सांगत, "पहिलीच नोकरी शोधतेय." कारभारी म्हणत, "थोडा अनुभव घेऊन या." यात त्यांस विनोद वाटत नसे, तो त्या दरबारचा रिवाजच होता. कोठे मोबाइलच्या पडद्यावरूनच मुलाखत घेत, आणि समोरचा आपला चेहरा न दाखविता बोले, आणि बाई आपल्याच चेहऱ्याकडे पाहून हसत बसत. आणि निघताना सर्व ठिकाणी एकच शब्द मिळे, "कळवतो." तलवार न उपसता माणूस लोळवावा ऐसा तो शब्द. कोणी काही कळविले नाही. रोज अप्पांचा फोन येई, आणि अप्पा चाकरीचे नावही न काढिता एवढेच पुसत, "जेवलीस का?" आणि बाई "हो" म्हणत, मग जेवण जाहले असो वा नसो.

ऐसे चालता चालता एके सकाळी चारुलताबाईंनी बॅग भरावयास घेतली. बाईंनी पुसले, "कुठं निघालीस?" त्या बोलिल्या, "घरी. लीला, मी हरले असं नको समजूस हां. मी दमले." मग दोघी एस.टी. स्थानकापर्यंत चालत गेल्या, आणि बस सुटली, आणि बाई परत येऊन त्या रिकाम्या खाटेकडे पाठ करून बसल्या. त्याच आठवड्यात टाक्यांच्या दौलतीतून बोलावणे आले. या दौलतीत गच्चीवर ठेवावयाच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या बनत, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील दुकानदारांकरवी विकल्या जात. थोरले धनी निवर्तलेले, गादीवर धाकटे धनी. त्यांचे पदरी विश्राम कारखानीस म्हणोन पन्नाशी ओलांडलेले विक्रीचे सुभेदार होते. दक्षिणेकडील अवघी दुकाने त्यांचे हातची. मुलाखत त्यांनीच घेतली. कारखानिसांनी रिवाजाप्रमाणे, परंतु जीव नसल्यागत, पुसले, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" या प्रश्नाचे उत्तर बाईंस तोंडपाठ होते, आणि शंभर ठिकाणी दिलेले होते, परंतु त्या दिवशी ते ओठांवर येईना. बाई बोलिल्या, "साहेब, खरं सांगू का? मला ठाऊक नाही. मला उद्याचंच ठाऊक नाही." कारखानिसांनी हातातील कागद खाली ठेविला आणि बोलिले, "मलाही नाही." मग पुसले, "टाक्यांबद्दल काय माहिती आहे?" बाई बोलिल्या, "आमच्या गच्चीवर आहे एक. उन्हाळ्यात त्यातलं पाणी इतकं तापतं की चहाला आधण ठेवायला नको." कारखानीस हसले, खोकले, आणि बोलिले, "हे धाकट्या मालकांसमोर बोलू नका." आणि "कळवतो" न म्हणता म्हणाले, "सोमवारी या."

हे वर्तमान कसब्यात पोचले तेव्हा अप्पांनी फोन हळूच खाली ठेविला. मग त्यांनी भर बाजाराच्या दिवशी दुकानाचे फळकूट लाविले आणि महादेवाच्या देवळात जाऊन बसले. बाई सोमवारी रुजू जाहल्या. कारखानिसांनी त्यांस आपले गाडीत घेऊन सुभ्याची वाट धरिली, आणि तालुक्यातालुक्यांतील दुकाने दाखविली, आणि कोणाकडे आधी मालाचे बोलावे, कोणाकडे आधी घरचे पुसावे, कोणाचा रुसवा खरा आणि कोणाचा भाव पाडण्यापुरता, हे सर्व वाटेने सांगितले. हमरस्त्यालगतच्या एका गावी मैनुद्दीन तांबोळी म्हणोन नळ-टाक्यांचे मोठे व्यापारी होते, आवाजाने धिप्पाड, कारखानिसांचे जुने स्नेही. त्यांनी पुसले, "कारखानीससाहेब, ही कोण? मुलगी का तुमची?" कारखानीस बोलिले, "नाही हो. या शेटेबाई. आता यांच्याशी बोलत जा." ऐसेच ते सर्व दुकानी बोलिले. बाईंस वाटले, साहेबांचा स्वभाव भला, नव्या माणसास मान देतात. त्या दिवसांत बाई गाडीच्या खिडकीतून उसाचे फड पाहत आणि मनात म्हणत, आता कोठे श्वास आला. आणि चारुलताबाईंस फोन करून म्हणत, "अगं, माणूस देवासारखा भेटला."

पावसाळा सरला, दसरा झाला, आणि एके दिवशी धाकट्या धन्यांनी बाईंस हुजुरात बोलाविले. धनी काचेच्या दालनात उभे होते. बोलिले, "शेटे, काम चांगलं आहे तुमचं. पुढच्या महिन्यापासून दक्षिणेचा सगळा भाग तुम्ही बघायचा." बाईंस हर्ष जाहला आणि लागलीच शंका आली. त्यांनी पुसले, "आणि कारखानीससाहेब?" धनी काचेबाहेर पाहत बोलिले, "त्यांना मोकळं करतोय. त्यांच्या पगारात आजकाल दोन माणसं येतात. दुकानदारांनी विचारलं तर सांगा, तब्येतीमुळे त्यांनी स्वतःच सोडलं. ते बरं दिसतं." बाई पायऱ्या उतरून खाली आल्या तो कारखानीस आपले गाडीतून छत्री, नॅपकिन, सुपारीची डबी ऐसे किरकोळ सामान काढून पिशवीत भरीत होते. गाडी दौलतीची होती, ती परत करावयाची होती. बाई बोलिल्या, "तुम्हाला कधी कळलं?" ते बोलिले, "तुमच्या मुलाखतीच्या आधी." "म्हणजे तुम्ही स्वतःच्याच जागेवर माणूस निवडत होतात?" "हो." "आणि मला निवडलंत." कारखानीस बोलिले, "तुमच्या आधी आलेले सगळे फार ताजेतवाने होते हो. त्यांनी माझ्या लोकांना विकून खाल्लं असतं. तुम्ही दमलेल्या दिसलात. दमलेलं माणूस दुसऱ्याचं ऐकून घेतं." बाई बोलिल्या, "मला नको ही जागा. मी आत्ता वर जाऊन सांगते." तेव्हा कारखानीस, ज्यांचा चढा आवाज कोणी ऐकिला नव्हता, ते संतापले. "सांगा ना! मग काय, मला ठेवतील? दोघंही घरी बसू. माझी मुलगी बारावीला आहे, तिला अजून तोंडानं सांगितलेलं नाही मी. तुमच्या त्यागाचं मी काय करू, लोणचं घालू?" मग त्यांनी पिशवी खाली ठेविली, आणि तोंडावरून हात फिरविला, आणि हळू बोलिले, "माफ करा. तुमच्यावर ओरडायचं नव्हतं." आणि रिक्षा थांबवून निघून गेले.

बाई खोलीवर आल्या आणि भात लाविला आणि त्यास हात लाविला नाही. नित्याप्रमाणे अप्पांचा फोन आला, "जेवलीस का?" त्या दिवशी बाईंनी "नाही" म्हटले, आणि सर्व हकीकत सांगितली, कोठे कोठे अडखळून, कोठे रडून. अप्पा शेवटी बोलिले, "लीला, परत यायचं असलं तर ये. मी काही विचारणार नाही, आणि आईलाही विचारू देणार नाही. राहणार असलीस तर रहा, त्यात पाप नाही. जागा तू हिसकावली नाहीस. पण त्या माणसाबद्दल खोटं बोलू नकोस. त्याची जागा गेली ती गेली. तो का गेला, ते तरी खरं राहू दे." बाईंनी बरे म्हटले, आणि फोन ठेविला, आणि गार झालेला भात ताकाशी कालवून उभ्या उभ्याच खाल्ला.

पुढील महिन्यात बाईंनी एकट्याने सुभ्यावर कूच केले. प्रथम मुक्काम तांबोळ्यांचे दुकान. तांबोळ्यांनी गाडीकडे पाहिले, आणि पुन्हा पाहिले, आणि बोलिले, "साहेब मागून येतायत का?" धन्यांनी शिकविलेले उत्तर सोपे होते, आणि ते ऐकून तांबोळी हळहळले असते आणि टाक्यांची मागणी नोंदवून मोकळे झाले असते. बाई बोलिल्या, "नाही. त्यांना काढलं. त्यांच्या जागी मला घेतलंय." तांबोळी गिऱ्हाइकांकडे वळले, आणि त्यांनी कोणास नळ दाखविला, कोणास पाइप मोजून दिला, आणि बाई बाकावर बसून राहिल्या. गर्दी ओसरली तेव्हा तांबोळी समोर येऊन बोलिले, "आज मी काही मागवत नाही." बाई बोलिल्या, "बरं." "राग नाही आला?" "नाही. मी तुमच्या जागी असते तर मीही नसतं मागवलं." मग तांबोळ्यांनी बाईंदेखत कारखानिसांस फोन लाविला. घंटी वाजत राहिली, आणि आपोआप बंद पडली. त्यांनी पुन्हा लाविला, आणि पुन्हा तेच. "उचलत नाहीत," ते बोलिले, आणि तो धिप्पाड आवाज बारीक जाहला.  मग तांबोळ्यांनी समोरच्या टपरीकडे हात करून दोन चहा मागविले, आणि दोघांनी ते प्यायले, आणि बाई उठल्या. बाहेर ऊन कडक पडले होते. रस्त्यापलीकडे दुसरे दुकान होते, आणि तेथील मालक आधीच दाराशी येऊन गाडीत आणखी कोण आहे ते पाहत होता. बाईंनी खांद्यावरची बॅग सारखी केली, आणि रस्ता ओलांडिला.

सारांश, शिवलीलाबाईंस चाकरी मिळाली आणि त्यांनी ती केली. काही दुकाने राहिली, काही तुटली. तांबोळ्यांनी संक्रांतीनंतर आपण होऊन फोन केला. खरे सांगत फिरल्याचा बोभाटा जाहला तेव्हा धाकट्या धन्यांनी जाब पुसला, बाईंनी "हो, सांगितलं" म्हटले, आणि धन्यांनी काचेबाहेर पाहून विषय टाकिला, कारण नवा माणूस शोधण्याचा त्यांसही कंटाळा आला होता. कारखानीस पुढे कोणा पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे बसू लागले ऐसे म्हणतात. खरे खोटे देव जाणे. आणि बाईंस कोणी पुसिले की पहिली चाकरी कैसी मिळाली, तर त्या "मिळाली" एवढेच सांगतात आणि दुसरे बोलणे काढितात. ऐकिले तितुके लिहिले. कलम येथे ठेविले.