साळिंदररावांचं बेटदर्शन

एका जंगलात... नको. जंगलातल्या गोष्टी तुम्ही फार ऐकल्यात, बाळांनो, आणि त्यातलं शहाणपण तुमच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून कसं निघून गेलं, ते मला दिसतंच आहे. आज आपण एका बेटावर जाऊ. नीट बसा. मागच्यानं पुढच्याला पाय लावू नये.

या बेटावर ऊन उदंड, नारळ उदंड आणि पाहुणे त्याहून उदंड. समुद्रापलीकडच्या जंगलातून गलबतं भरून प्राणी यायचे. शहाळं प्यायचे, घोड्यावर बसून बेट बघायचे आणि सूर्य बुडाला की टाळ्या वाजवायचे. सूर्य घरीसुद्धा बुडतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बेटाची एक रीत होती. पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. ही रीत कुणी घालून दिली कुणास ठाऊक. ज्यानं घालून दिली, तो बहुतेक पाहुणाच असावा.

बेटावर ठुमकी नावाची एक घोडी होती. अंगानं तांबूस, उंचीनं ठेंगणी. चालताना मागचा एक पाय जरा उडवायची, म्हणून ठुमकी. ती पाहुण्यांना पाठीवर घेऊन बेट दाखवायची. तिच्या आईनंही जन्मभर तेच केलं होतं. आता आई थकली होती आणि तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती उतारावरच्या केवड्याच्या बनात, एका झऱ्याकाठी बसून असायची. तहान लागली की मान खाली घालायची आणि पाणी प्यायची.

पूर्वी बेटावर गोड्या पाण्याचे दोन झरे होते. एकदा एका अस्वलानं पहिल्या झऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "इथं डुंबलं तर चालेल का?" आता 'नाही' कोण म्हणणार? अस्वल डुंबलं. घरी जाऊन त्यानं मित्रांना सांगितलं. मित्र साबण घेऊन आले. तेव्हापासून त्या झऱ्याचं पाणी प्यायलं की उचकी लागते आणि उचकीबरोबर बुडबुडे निघतात.

उरला हा केवड्यातला एक. तोही गेला तर आंधळ्या आईला पाणी कुठून आणायचं, या काळजीनं ठुमकीला घास गोड लागत नसे.

अशात एके दिवशी गलबतातून साळिंदरराव उतरले.

अंगभर काटे, गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर टोपी. टोपीतूनही काटे वर आलेले. "मला घोड्यावरून बेट बघायचं आहे," ते म्हणाले.

साळिंदराला पाठीवर घ्यायचं म्हणजे काय, हे ज्यानं घेतलं त्यालाच ठाऊक. पण रीत ती रीत. ठुमकीनं खोगिराखाली दोन गाद्या घालून घेतल्या, डोळे मिटले आणि म्हणाली, "बसा साहेब."

साळिंदररावांचं एक होतं. कंटाळले की त्यांचे काटे अंगाला चिकटून पडायचे. खूश झाले की ताठ उभे राहायचे, वर, खाली, चहूकडे. म्हणजे पाहुणा जितका सुखी, तितकी ठुमकीची पाठ दुःखी. धंदा असाच असतो, बाळांनो. मोठे झालात की कळेल.

पहिला आला माड पॉइंट. तिथं पाटी होती. बेटावरच्या सगळ्या पाट्या तिरपेकाका नावाचा म्हातारा खेकडा रंगवायचा. काका तिरपे, म्हणून अक्षरंही तिरपी, आणि ती वाचताना पाहुण्यांच्या माना तिरप्या.

"माड," साळिंदरराव म्हणाले. "माड काय, कुठंही असतात." काटे पडले. ठुमकीला हायसं वाटलं.

पुढं प्रतिध्वनी पॉइंट. तिथंही पाटी. "हाक मारा ना साहेब, कडा उत्तर देतो," ठुमकी म्हणाली.

"सगळे मारतात?"

"सगळेच मारतात."

"मग मी नाही मारत." काटे आणखी पडले.

सूर्यास्त पॉइंटला पोचेपर्यंत साळिंदरराव इतके कंटाळले होते की ठुमकीला पाठीवर उशी ठेवल्यासारखं वाटत होतं. असा सुखाचा दिवस तिच्या नशिबी क्वचितच आला होता. तेवढ्यात ते पुढं वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "ठुमकीबाई, हे सगळं पाहुण्यांसाठी झालं. मला ते नको. मला अस्सल बेट बघायचंय. कुणी न पाहिलेलं. असं सांगा, तुम्ही स्वतः पाणी कुठं पिता?"



'नाही' म्हणता येत नव्हतं. खोटं बोलावं तर पाहुणा कानाशी वाकून थेट डोळ्यांत बघत होता. तिच्यापुढं आई उभी राहिली, मान खाली घालून पाणी पिणारी, आणि आईभोवती साबण घेतलेली अस्वलंच अस्वलं.

"दाखवते साहेब," ती म्हणाली. "पण उन्हाचं आधी एक शहाळं घ्या."

साळिंदरराव शहाळं पीत बसले. तिरपेकाका बाजूलाच सूर्यास्ताच्या पाटीला नवा रंग देत होते. ठुमकी त्यांच्याजवळ गेली. दिवसभरात तिच्या पाठीला एक गोष्ट कळली होती. जिथं पाटी दिसते, तिथं काटे पडतात.

"काका, एक पाटी हवी. आत्ताच्या आत्ता. केवड्याच्या बनाच्या तोंडाशी लावायची."

"आणि लिहू काय?"

"सुप्रसिद्ध झरा. सर्वांनी पाहिलेला."

काकांनी दोन्ही डोळे वर काढून तिच्याकडं पाहिलं. "अगो, आपल्याशिवाय त्याचं नावही कुणाला म्हाईत नाय!"

"ते तसंच राहावं म्हणून तर पाटी हवी, काका."

काका समजले. खेकडा तिरपा चालतो म्हणून त्याला हसू नये. डोंगरातली आखूड वाट तिरपीच असते. काका पाटी पाठीवर टाकून त्या आखूड वाटेनं निघाले आणि ठुमकीनं साळिंदररावांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं लांबचा फेरा घेतला. मध्येच खडा टोचल्याचं निमित्त करून थांबली. मध्येच गवत खाल्लं.

बन जवळ आलं तसा केवड्याचा वास सुटला. साळिंदररावांनी नाक वर केलं. "अहाहा! इथं कुणीच आलेलं दिसत नाही!" एक काटा उभा राहिला. मग दुसरा. मग चांगले डझनभर. ठुमकीनं दात आवळले. काका पोचले असतील ना?

वळण संपलं आणि समोर पाटी दिसली. रंग अजून ओला होता.

साळिंदररावांनी मान तिरपी करून वाचलं. "सुप्रसिद्ध," ते म्हणाले. आणि एकेक काटा खाली बसला.

ठुमकी सुटकेचा श्वास सोडणार, एवढ्यात केवड्यातून आवाज आला.

"कोण गो? पाहुणे काय? या, या! पाणी प्या हो! बर्फासारखं गार आहे!"

ती आई होती. जन्मभर पाहुण्यांना 'या' म्हटलेली. टापा ऐकल्या आणि तोंडून निघून गेलं. ठुमकी जागच्या जागी थांबली. संपलं, तिला वाटलं. इतकं सगळं केलं आणि घरच्याच तोंडानं घात केला.

"ऐकलंत?" साळिंदरराव म्हणाले. "पाटी लावली ती लावली, वर आत एकीला हाका मारायलाही बसवलंय! मला बोलावणाऱ्या ठिकाणी मी पाय ठेवत नाही. वळवा!"

"अहो, दोन घोट तरी घ्या!" आई ओरडली.

"बघा! सोडतच नाहीत!"

ठुमकी वळली. इतक्या चपळाईनं ती तरुणपणीही कधी वळली नव्हती.

"आता मला अशा जागी न्या," साळिंदरराव म्हणाले, "जिथं पाटी नाही, जिथं कुणी बोलावत नाही, जिथं आजवर एकही पाहुणा गेलेला नाही."

ठुमकीनं खूप विचार केला. अशी जागा बेटावर एकच होती. "आहे साहेब. पण तिथं बघण्यासारखं काही नाही, आणि वास येतो."

"चला!"

तो बेटाचा उकिरडा होता. आज्या-पणज्यांपासूनच्या करवंट्या आणि नारळाची केसाळ सोडणं तिथं फेकलेली होती. ढिगाखालून आंबूस वाफ येत होती. माश्या घोंगावत होत्या.

साळिंदररावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. मग अगदी हळू म्हणाले, "हे... हेच ते बेट." आणि अंगावरचा प्रत्येक काटा एकदम ताठ उभा राहिला.

ठुमकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकं दुखलं आणि इतकं बरं वाटलं, असं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

साळिंदररावांनी घरी जाऊन आपला शोध सगळ्या जंगलाला सांगितला. पुढच्याच हंगामात गलबतं दुपटीनं आली. पाहुणे उकिरड्यावर डोळे मिटून उभे राहू लागले, खोल श्वास घेऊ लागले आणि जाताना आठवण म्हणून एकेक करवंटी घेऊन जाऊ लागले. ढीग हां हां म्हणता ओसरला. तो पुरा पडावा म्हणून बेटकऱ्यांना दोन्ही वेळा खोबरं खावं लागतं. जिवावर येतं, पण पाहुण्यासाठी एवढं करायलाच हवं.

केवड्याच्या बनाकडं कुणी फिरकत नाही. पाटीचा रंग उडाला की तिरपेकाका तो पुन्हा देतात.

एवढं सगळं होऊनही म्हातारी आई मात्र चुटपुटत होती. एका संध्याकाळी पाणी पिता पिता ती म्हणाली, "अगो ठुमके, तो पाहुणा आपल्या दारातनं कोरडाच गेला गो. मी किती हाका मारल्या! आपल्याकडून कुणी 'नाही' म्हटलं तर नाही ना त्याला?"

"कुणीच नाही म्हटलं, आये," ठुमकी म्हणाली. "त्यानं मागितलं ते सगळं दिलं." आणि आईच्या शेजारी मान घालून तीही पाणी प्यायली.

तात्पर्य: पाहुणा देवासारखा असतो, बाळांनो, तेव्हा त्याला देवासारखंच वागवावं. नारळ त्याच्या नावानं फोडावा, करवंटी त्याच्यापुढं ठेवावी आणि खोबरं आपण खावं.