पहिल्या वर्षाला उभे राहणारे सेतुमाधवराव

सेतुमाधवरावांना पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दिसला की ते उभे राहतात. हातात गरम कॉफी असो, समोर अर्धी इडली असो, शेजारी कुलगुरू बसलेले असोत. पोरगं जवळ आलं की राव उठतात, किंचित मान लववतात आणि ते पुढे गेल्यावरच बसतात. दुपारी पहिल्या वर्षाचे तास सुटले की कँटीनमध्ये त्यांची कॉफी हमखास थंड होते, कारण रांग संपेपर्यंत त्यांना बसताच येत नाही. आणि पिकल्या केसांचा माणूस उभा असताना त्याच टेबलावरच्या चौथ्या वर्षाच्या वीरांनाही बसून राहता येत नाही. तेही उठतात. दातओठ खात उठतात, पण उठतात.

"सीनियरांना मान द्यायला शिकवतों म्हणतात ना हे," राव मला एकदा म्हणाले. "सरि, ठीक आहे. इथें सर्वांत सीनियर मी. मी मान कोणाला देतों तें पाहूं देत."

तंजावूरच्या बाहेर, भातशेतांच्या मधोमध आमचं विद्यापीठ आहे. राव तिथे संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले. रॅगिंगविरोधी समितीवर मात्र त्यांना ठेवून घेतलं, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. मी तिथे समाजकार्यात पीएच.डी. करते, समितीवर संशोधक विद्यार्थ्यांची प्रतिनिधी आहे आणि राजवाड्यामागच्या गल्लीत रावांच्याच घरी वरच्या खोलीत राहते. सोलापूरची मुलगी मराठी बोलते, एवढ्या एका पात्रतेवर ती खोली मला मिळाली. राव पिढ्यानपिढ्या तंजावुरातच राहिलेल्या मराठी घरातले; त्यांचं स्वतःचं मराठी माझ्या पणजोबांच्या काळातलं, चाल मात्र तमिळ. "कां म्हटलें तर" हे त्यांचं पालुपद. कोणतंही वाक्य ते त्यावर आणून ठेवतात. पुढे कारण सांगतातच असं नाही.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीतले. आमच्याकडे पाहुण्याला बसायला जागा करायची म्हणजे पत्रकांचे गठ्ठे उचलायचे. त्यामुळे समितीवर येताच मी भित्तिपत्रक केलं. लाल रंग, वळलेली मूठ, खाली तमिळ आणि इंग्रजीत: रॅगिंग मोडून काढा.

राव चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"बरें आहे. मूठ कोणाची? मारणाऱ्याची कीं मार खाणाऱ्याची?"

"मामा, लढणाऱ्याची." मी त्यांना मामाच म्हणते.

"तसें खालीं लिही मग. भ्यालेल्या पोराला नुसती मूठ दिसते. तूं फार ओरडतेस, बाळे. कां म्हटलें तर..." आणि ते आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मुठीशेजारी एक साधा कागद लागला. त्यावर रावांच्या घरचा पत्ता आणि तमिळमध्ये दोनच वाक्यं होती. रविवारी दुपारी जेवायला या. काही सांगावं लागणार नाही.

मला हसू आलं. पण पोरं येऊ लागली. वसतिगृहाच्या सांबाराला कंटाळलेली सगळीच येणार, त्यात नवल काय, असं मी म्हणे. राव त्यांना आधी स्वयंपाकघरात जमिनीवर बसवत. कोणापुढे नारळ आणि विळी, कोणापुढे कढीपत्त्याच्या काड्या, कोणापुढे निवडायची मेथी. "हात गुंतले कीं जीभ सुटते," हा त्यांचा सिद्धांत. अडचण एकच होती. पोरगं दारात आलं की राव उभे राहत, राव उभे म्हणून बसलेली पोरं उभी राहत, आणि ती उभी म्हणून राव पुन्हा बसत नसत. त्या घरात रविवारचा पहिला पाव तास सगळे हातात कढीपत्ता घेऊन ताटकळलेले असत.

अशाच एका रविवारी इनियन आला. कालव्याकाठच्या एका खेड्यातला, हडकुळा, इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाचा. केळीच्या पानावर भात वाढला, सांबार वाढलं, तरी तो हात मांडीवर ठेवून बसला. राव "जेव" म्हणाले तेव्हा त्याने एक घास घेतला आणि पुन्हा थांबून वर पाहिलं. पाण्याचा पेला उचलण्याआधीही त्याने पाहिलं. बाकीची पोरं हसली. राव हसले नाहीत. जेवण होईपर्यंत ते घासाघासाला, धाकट्या भावाला म्हणावं तसं, "जेव, तंबी" म्हणत राहिले.

पोरं गेल्यावर मी उसळले. "मामा, याला वसतिगृहात परवानगीशिवाय खाऊ देत नाहीत. आजच तक्रार करू. नाव गुप्त ठेवता येतं. त्याने केली नाही तरी पाहणारा कोणीही करू शकतो. नियमच आहे."

"नियम मला पाठ आहे. पण तूं पाहिलेंस काय? एक पोर जेवतांना वर पाहतें. एवढ्यावर समिती त्यालाच बोलावून विचारील, आणि तो नाहीं म्हणेल. मग झालें. तोंड त्याचें आहे, त्याला उघडूं दे."

"तोवर तो मोडला तर?"

राव पानं उचलू लागले. त्यांनी त्यांच्या पद्धतीने करायचं ठरवलं. त्या आठवड्यात ते रोज वसतिगृहाच्या मेसमध्ये गेले आणि इनियन आत आला की सगळ्यांदेखत उभे राहिले. इतरांसाठी मान लववत, इनियनसाठी त्यांनी हातही जोडले.

पुढच्या रविवारी इनियन सगळ्यांच्या आधी आला. सोमवारी कॉलेज सोडतोय, निरोप घ्यायला आलो, म्हणाला. राव उभे राहायला लागले तसा तो कळवळून म्हणाला, "सर, नका. प्लीज, नका."

रावांनी त्याच्यापुढे नारळ ठेवला. विळीवर नारळ खरवडला जात होता आणि थोडं थोडं बाहेर येत होतं. चौथ्या वर्षाचे चौघे होते. आधी जेवणाची परवानगी, कपडे धुणं, एवढंच चालायचं. आईचा फोन आला की ते स्पीकरवर टाकायला लावत, आणि तिचं खेडवळ तमिळ मग आठवडाभर मेसमध्ये घुमत राही. त्यातच राव हात जोडून उभे राहू लागले. तुला प्रोफेसर नमस्कार करतो काय, मग आम्हीही करतो, असं म्हणत त्यांनी त्याला रोज संध्याकाळी स्टुलावर उभं केलं आणि सगळ्या मजल्याला त्याच्यासमोर हात जोडायला लावले. उतरला तर पुन्हा पहिल्यापासून.

रॅगिंगला गंमत म्हणणाऱ्यांना मी त्या विळीसमोर बसवायला हवं होतं. पण मी रावांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली कढीपत्त्याची काडी तशीच होती.

जमिनीवर ठेवलेला इनियनचा फोन थरथरला. पडद्यावर ‘अम्मा’. त्याने तो पालथा केला.

"किती दिवस उचलला नाहीस?" रावांनी तमिळमध्ये विचारलं.

त्याने नारळ पुन्हा विळीला लावला.

"मीही वसतिगृहात होतो," राव म्हणाले. "दुसऱ्या गावी. एकदा आई भेटायला आली, घरचं जेवण घेऊन. तिने मेसमध्ये पान मांडलं आणि मला हाक मारली, घरी मारायची तशी, मराठीत. सगळे हसले. मी तिला तमिळमध्ये उत्तर दिलं. हळू बोल, म्हणालो. तिची ती हाक पोरं वर्षभर म्हणत राहिली, ते मी विसरलो असतो. पण आई त्या दिवसापासून माझ्याशी तमिळच बोलली. माझ्या भावंडांशी मराठी, माझ्याशी तमिळ. शेवटपर्यंत. मला वाटायचं, उद्या सांगू तिला, माझ्याशीही मराठीतच बोल."

नारळ केव्हाच संपला होता. इनियन रिकामी करवंटी विळीवर फिरवत होता. मग थांबून त्याने मला विचारलं, "अक्का, चौघांचीही नावं सांगावी लागतात का?"

सोमवारी समिती बसली. अध्यक्ष समजूतदार गृहस्थ आहेत. समजूतदार गृहस्थ नेहमी ज्याला त्रास झाला त्याचीच समजूत घालतात. मुलं आहेत, माफी मागतील, त्यांच्या करिअरचा प्रश्न आहे, असं ते इनियनला म्हणाले. मी भाषणाला उठणार तोच रावांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"माफी मी मागतो," ते तमिळमध्ये म्हणाले. "का म्हटलं तर याला स्टुलावर चढवायची कल्पना त्यांना माझ्यावरून सुचली." पालुपद तमिळमध्येही तेच, फक्त या वेळी पुढे कारण होतं. "त्या चौघांचं पोलीस पाहतील. अशी जबरदस्ती असली की संस्थेने तक्रार द्यायचीच असते, ती ऐच्छिक नाही. तुम्ही दिली नाहीत तर मी देतो, आणि तुम्ही दिली नाहीत हेही त्यात सांगतो." आवाज इतका खाली, की टिपणं घेणाऱ्या बाईंनी त्यांना पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं, अगदी तसंच.

मग इनियनने चार नावं सांगितली.

संध्याकाळपर्यंत चौघांना वसतिगृहातून काढलं होतं आणि तक्रार ठाण्यात पोचली होती. आम्ही निघालो तेव्हा इनियन व्हरांड्यात फोन कानाला लावून उभा होता. आजूबाजूला पोरं ये-जा करत होती आणि तो आपल्या गावच्या तमिळमध्ये, मोठ्याने, आईला विचारत होता की गाय व्याली का.

घरी आल्यावर राव ओसरीच्या खांबाला टेकून बसले. त्यांना बरं नाही की काय म्हणून सांबार मीच गरम केलं, भात वाढला.

"बाळे," त्यांनी बाहेरून विचारलं, "तुझी आई जेवायला हाक कशी मारते?"

"'चला गं, ताटं घेतलीत.' तुमची?"

मी पानाशेजारी पाण्याचा पेला ठेवला.

"'सेतू, ये रे बाळ, पान मांडलें.'" मग म्हणाले, "म्हण पाहूं एकदां."

माझा आवाज घोषणांसाठी तयार झालेला. मी तो जमेल तितका खाली आणला.

"सेतू, ये रे बाळ, पान मांडलें."

"आलों," राव म्हणाले, आणि आत येऊन पानावर बसले.