छातीवरचा हात

गाणारी बाई गायब झाली ती दुपारच्या जेवणानंतर. व्हायोलिनं होती, कानून हे तंतुवाद्य छान वाजत होतं, डफवाला तालाला पक्का होता, पण मधली बाई काही केल्या ऐकू येईना. अबू मुहन्नद यांनी इअरफोन कानातून काढले, त्यांवर फुंकर मारली, पुन्हा घातले. लग्नाला नवरी सोडून सगळे हजर असावेत तशी वाद्यं वाजतच राहिली.

काडेपेटीहून जरासं मोठं असलेलं ते यंत्र त्यांच्या मुलीने कुवेतहून पाठवलं होतं. त्यात अबू मुहन्नद यांच्या आवडीची सगळी जुनी गाणी भरलेली होती, आणि ते आपल्याकडे आहे ही गोष्ट ते जिवापाड लपवत होते. त्याला कारण होतं. अलेप्पोत डॉक्टर झुहैर यांच्या घरी दर गुरुवारी मैफल भरे आणि तिथे पहिल्या रांगेत, कारंज्याशेजारी, अबू मुहन्नद यांची खुर्ची असे. नवा गवई गायला बसला की सगळे गवयाकडे कमी आणि या कानसेनाकडे जास्त बघत. त्यांनी डोळे मिटून ‘अल्लाह’ म्हटलं की गवई पास. त्यांनी खिशातून पिस्ते काढून सोलायला घेतले की नापास. उभा जन्म अलेप्पोतल्याच बगदाद स्टेशनच्या खिडकीत तिकिटं विकण्यात गेला, तिथे त्यांचा चेहराही कोणी नीट पाहिला नव्हता. कमावलं काय, तर ही खुर्ची. आणि याच खुर्चीतून गेल्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं होतं, की वायरी लावून डब्यातलं गाणं ऐकणाऱ्याने माणसांत बसू नये.

त्यामुळे दुरुस्तीला द्यायची सोय नव्हती. चौकातल्या दुरुस्तीवाल्याचा भाऊ मैफलीत कानून वाजवायचा. मग अबू मुहन्नद यांनी घरीच इलाज सुरू केले. इअरफोनची पिन कोलनवॉटरने पुसली, यंत्र तळहातावर आपटून पाहिलं, कोणाकडून तरी ऐकलेलं आठवून ते तांदळाच्या डब्यात पुरलं. संध्याकाळी त्यांच्या पत्नी उम्म मुहन्नद भात करायला गेल्या आणि वाटीत तांदळासोबत मुलीची भेट बाहेर आली.

“भोकात काहीतरी अडकलंय. द्या इकडे, माझ्या केसांचा आकडा घालून बघते.”

“आकडा? हे नाजूक यंत्र आहे, तुझ्या मोरीचं तुंबलेलं भोक नाही.”

त्यांनी आकडा पुन्हा केसांत खोचला आणि तांदूळ धुवायला घेतला. 

दुसऱ्या दिवशी बाल्कनीत उन्हाला बसल्यावर अबू मुहन्नद यांना आपोआप उपाय सापडला. यंत्र सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून त्यावर उजवा तळवा घट्ट दाबला की बाई परत येत. हात सैल सोडला की जात. मग काय, वायर सदऱ्याच्या आतून, लोकरीची टोपी दोन्ही कानांवरून खाली ओढलेली, हात छातीवर, डोळे मिटलेले, असे ते बसले. बाईंनी एक हरकत अशी काही घेतली की त्यांना राहवलं नाही. ते मोठ्याने म्हणाले, “अल्लाह! परत घे, तुझ्या जिवाची शपथ, परत घे.”

आता समोरच्या बाल्कनीत त्या वेळी अबू हिकमत गालिचा झटकत गात होते. साबणाचे व्यापारी, मनाचे मोठे, पण गाण्याच्या बाबतीत गल्लीला झालेला त्रास. आयुष्यभर एकच गाणं गायचे आणि तेही विचित्र. दोन शब्द म्हणायचे, अडकायचे, आकाशाकडे बघत थांबायचे, मग मधूनच भलत्या जागी उठायचे. ते सुरू झाले की अबू मुहन्नद खिडकी लावून घेत. आज त्याच अबू मुहन्नद यांचा हात काळजावर होता आणि ते शपथ घालून परत म्हणायला सांगत होते. अबू हिकमत यांच्या हातातला गालिचा खाली रस्त्यावर पडला. त्यांनी गाणं पहिल्यापासून परत म्हटलं.

तासाभराने ते हिरव्या साबणाची टोपली घेऊन दारात उभे राहिले. डोळे भरलेले. “अबू मुहन्नद, आमची बायकोसुद्धा गप्प बसा म्हणते हो मला. तुम्ही एकट्याने ओळखलंत.”

अबू मुहन्नद यांना खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायचं तर खिशातला डबा दाखवायला हवा होता. आणि समोरचा माणूस रडत होता. त्यांनी सवयीने छातीवर हात ठेवला, आणि तोही होकार धरला गेला.

रात्रीपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली, सकाळी डॉक्टर झुहैर यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी निरोप पाठवला की तुम्ही पास केलेला गवई आम्हालाही ऐकू द्या, या गुरुवारी अबू हिकमतच गातील. अबू हिकमत यांनी नवा सूट शिवायला टाकला. अबू मुहन्नद यांची झोप उडाली. मैफलीत त्यांनी पिस्ते काढले तर शेजाऱ्याचं काळीज फुटणार. ‘अल्लाह’ म्हटलं तर तो कान विकला गेला असं सगळे समजणार, आणि खुर्ची जाणार.

“आजारी पडा,” उम्म मुहन्नद म्हणाल्या.

“न गेलो तर घाबरून पळालो म्हणतील.”

शेवटी त्यांनी ठरवलं, की तोच डबा कामाला लावायचा. अबू हिकमत ज्या बाईंचं गाणं म्हणत, ते यंत्रात होतं. कान दुखतो असं सांगून टोपी एका कानावर ओढायची, आत खरं गाणं लावायचं, छातीवर हात ठेवून ते ऐकायचं, आणि दाद द्यायची ती बाईंना. म्हणजे खोटंही बोलायला नको.

गुरुवारी घर तुडुंब भरलं होतं. अबू हिकमत नव्या सुटात घामाघूम होऊन बसले. साथीला कोणी नको म्हणाले, मला सवय नाही. त्यांनी पहिला शब्द उचलला आणि अबू मुहन्नद यांनी बटण दाबलं. बाई सुरू झाल्या. अबू मुहन्नद यांना हायसं वाटलं.

तेवढ्यात कॉफी आली. यजमान स्वतः पेला पुढे करून उभे. डाव्या हाताने घेणं म्हणजे त्यांचा अपमान. अबू मुहन्नद यांचा उजवा हात छातीवरून निघाला आणि बाई गेल्या.

उरली नुसती वाद्यं. आणि दुसऱ्या, उघड्या कानातून अबू हिकमत. दोन शब्द म्हणून ते थांबले. सगळं घर अवघडून खाली बघू लागलं. पण अबू मुहन्नद यांच्या टोपीखाली त्याच क्षणी व्हायोलिनं उठली, ती जागा भरून काढली, आणि जिथे संपली नेमका तिथे अबू हिकमत यांनी पुढचा शब्द उचलला. मग कानूनचा तुकडा, तेवढा वेळ हे आकाशाकडे बघत गप्प. कानून संपलं, हे आत शिरले. या माणसाने ते गाणं वाद्यांसकट पाठ केलं होतं. तो कधीच अडकत नव्हता. इतकी वर्षं तो त्या बाल्कनीत अख्ख्या वाद्यवृंदासाठी थांबत आला होता, आणि आपण खिडकी लावत होतो. अबू मुहन्नद यांना मनापासून लाज वाटली. आवाज जाडाभरडा होता, पण जागेवर होता. शेवटच्या वळणावर तो असा काही वाद्यांच्या मिठीत उतरला, की कॉफीचा पेला कलंडला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अल्लाह!”

घर चमकलं. मग एकाने, मग चौघांनी, मग सगळ्यांनीच ‘अल्लाह’ म्हटलं. डॉक्टर नंतर हळूच जवळ आले. “ते मधे मधे थांबतात, ते मला समजलं नाही.”

“थांबणंच ऐकायचं असतं, डॉक्टर,” अबू मुहन्नद म्हणाले. पुढच्या गुरुवारी दोन चांगले गवई विनाकारण मधेच थांबले, त्याचं पाप त्यांच्या माथी.

अबू हिकमत यांच्या मैफलीच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, अबू मुहन्नद अंघोळीला गेले असताना उम्म मुहन्नद यांनी यंत्र खिशातून काढलं आणि केसांचा आकडा भोकात घातला. पिस्त्याच्या आतल्या लाल सालीचा तुकडा बाहेर आला. कोणा नापास गवयाच्या वेळचा असेल. त्यांनी तो बशीत ठेवून यंत्रासोबत नवऱ्यापुढे सरकवला आणि आत गेल्या.

अबू मुहन्नद बाल्कनीत बसले. बाई आल्या, पूर्ण, स्वच्छ, हात न दाबता. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. आवाजात काही खोट नव्हती. तेवढ्यात समोरचं दार उघडलं, गालिचा कठड्यावर पडला आणि अबू हिकमत खाकरले.

अबू मुहन्नद यांनी बशीतला तो लाल तुकडा उचलला, जपून पुन्हा भोकात सारला, पिन बसवली. एक इअरफोन कानात घातला, दुसरा मोकळा सोडला, आणि हात छातीवरून काढून मांडीवर ठेवला.